१०८ मतांचा गव्हर्नर: न्यूयॉर्क, १७९२

आजच्या भागाचं हे लिखित रूप. हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून अर्ध्यात लटकलेल्यांसाठी.

सुरुवात ऑफिसपासून करतो. आमच्या टीममधल्या एकाची दुसऱ्या टीमला बदली झाली. त्याच्या लॉगिनची मुदत संपलेली, आणि त्याच्या जागी जी आली तिचं लॉगिन अजून मंजूर व्हायचं होतं. नेमका त्याच आठवड्यात रिलीज. शेवटी जुन्यानंच जुन्या लॉगिननं काम उरकलं, कारण सिस्टिमनं त्याला अडवलंच नाही. कोड बरोबर होता, काही बिघडलं नाही. पण दोन आठवड्यांनी ऑडिटवाल्यांनी विचारलं, "हे केलं कोणी, आणि कोणत्या अधिकारात?" खोलीत शांतता. कोड बरोबर आहे का, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

ही गोष्ट मला आठवली ती एका निवडणुकीबद्दल वाचताना. १७९२ मधली न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नरपदाची निवडणूक. तिथेही एका माणसाची मुदत संपली होती, दुसऱ्याची सुरू झाली नव्हती, आणि मधल्या काळात एक पेटी पाठवली गेली. फरक एवढाच की त्या पेटीत कोड नव्हता, एका अख्ख्या काउंटीची मतं होती.

आधी थोडी ओळख करून देतो. अमेरिकेची राज्यघटना लागू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष. पण तेव्हाच्या माणसाला राष्ट्राध्यक्षापेक्षा आपल्या राज्याचा गव्हर्नर जास्त जवळचा. जमीन, कर, नेमणुका, सगळं त्याच्या हातात. न्यूयॉर्कची लोकसंख्या १७९० च्या जनगणनेत ३ लाख ४० हजारांच्या आसपास होती, आणि त्यात वीस हजारांहून जास्त गुलाम होते. हो, न्यूयॉर्कमध्ये. गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दक्षिणेतली कापसाची शेतं येतात, पण हडसन नदीकाठच्या डच शेतकऱ्यांच्या घरांतही गुलाम होते. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

गव्हर्नर होते जॉर्ज क्लिंटन. (बिल क्लिंटनचा इथे काही संबंध नाही, मीही आधी तेच शोधलं होतं.) १७७७ पासून सलग तेच गव्हर्नर. युद्धात सेनापती, बोलायला साधे, छोट्या शेतकऱ्यांचे लाडके. दर तीन वर्षांनी निवडणूक व्हायची आणि क्लिंटन निवडून यायचे. पण १७८९ मध्ये ते फक्त ४२९ मतांनी जिंकले होते. म्हणजे गड हलायला लागला होता.

समोर उभे राहिले जॉन जे. हे नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं, पण माणूस केवढा मोठा! इंग्लंडशी १७८३ चा शांततेचा तह करणाऱ्यांपैकी एक. राज्यघटनेच्या बाजूनं लिहिलेल्या फेडरलिस्ट निबंधांच्या तीन लेखकांपैकी एक. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश. आणि सगळ्यात गंमत म्हणजे, १७७७ ची न्यूयॉर्क राज्याची घटना लिहिण्यात सगळ्यात मोठा हात यांचाच होता. गव्हर्नर लोकांनी निवडायचा, ही तरतूद त्या घटनेतलीच.

सरन्यायाधीश पदावर असताना गव्हर्नरपदाची निवडणूक कशी काय लढवली, असं तुम्हाला वाटेल. तेव्हा ते चालायचं. शिवाय सरन्यायाधीशाचं काम म्हणजे तेव्हा वर्षातले कित्येक महिने घोडागाडीतून गावोगाव फिरून खटले ऐकणं. सर्वोच्च न्यायालयात खटले थोडे आणि खड्डे फार. जे यांनी प्रचारही केला नाही. उमेदवारानं स्वतः मतं मागत फिरणं तेव्हा कमीपणाचं समजायचे. भांडण मित्र करायचे, वर्तमानपत्रांतून, टोपणनावानं. आजच्या फेक अकाउंटचे खापरपणजोबा म्हणा.

भांडायला मुद्दे होते. पहिला मुद्दा जमिनीचा. १७९१ मध्ये राज्यानं उत्तरेकडची प्रचंड जमीन विकायला काढली. एकट्या अलेक्झांडर मॅकोम्ब नावाच्या व्यापाऱ्याला सुमारे ३६ लाख एकर, एकरी आठ पेन्स भावानं. विकणाऱ्या मंडळात क्लिंटन स्वतः. साहजिकच विरोधकांनी ओरड केली की ही मित्रांमध्ये वाटलेली खिरापत आहे. पण १७९२ च्या वसंतात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, आणि त्यात बुडालेला सगळ्यात मोठा सट्टेबाज विल्यम ड्युअर हा जे यांच्या गटातला, अलेक्झांडर हॅमिल्टनच्या ओळखीतला. मॅकोम्बही त्याच फुग्यात फुटला. म्हणजे दोन्ही गटांचे हात चिखलात.

दुसरा मुद्दा गुलामगिरीचा. जे हे गुलामांच्या मुक्तीसाठी १७८५ मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्कच्या संस्थेचे अध्यक्ष राहिले होते. क्लिंटनच्या माणसांनी डच शेतकऱ्यांमध्ये कुजबूज सुरू केली: हा माणूस आला तर तुमचे गुलाम गेले समजा. जे यांनी एका पत्रात उत्तर दिलं. माणूस कोणत्याही रंगाचा असो, स्वातंत्र्य हा त्याचा नैसर्गिक हक्क आहे असं मी मानतो, पण हे टप्प्याटप्प्यानं व्हावं, असा त्या पत्राचा आशय. निवडणुकीच्या तोंडावर हे लिहून देणं म्हणजे मतं घालवण्याची तयारी. अर्थात हेही सांगायला हवं की जे यांच्या स्वतःच्या घरात गुलाम होते. मला हा विरोधाभास झाकायचा नाही.

मत कोणाला देता यायचं? गव्हर्नरसाठी मत द्यायचं तर नावावर किमान शंभर पौंड किमतीची जमीन हवी, कर्ज वजा करून. म्हणजे बहुतेक कुळं आणि मजूर बाहेर, बायका बाहेर, गुलाम अर्थातच बाहेर. ३ लाख ४० हजारांच्या राज्यात शेवटी मोजली गेली ती सुमारे पावणेसतरा हजार मतं.

आता येतो तो भाग, ज्यासाठी मी हा एपिसोड केला. मतमोजणीची सिस्टिम.

मतदान एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी सुरू व्हायचं, गावोगावी. मतदार कागदावर नाव लिहून पेटीत टाकायचा. मतदान संपलं की गावातले निरीक्षक मतं मोजायचे नाहीत. नीट वाचा, मोजायचे नाहीत. मतपत्रिका बंद करून, शिक्का मारून, काउंटीच्या शेरीफकडे द्यायच्या. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा, आणि शेरीफ हा तिथला सरकारी अंमलदार. शेरीफनं सगळ्या गावांची मतं एका मोठ्या पेटीत भरायची आणि ती पेटी न्यूयॉर्क शहरात राज्याच्या सचिवाच्या कार्यालयात पोचवायची. मग मे महिन्याच्या शेवटी विधिमंडळाची एक समिती बसायची, सहा सिनेटमधले आणि सहा असेंब्लीतले. ते पेट्या उघडणार, मोजणार, निकाल देणार. त्यांचा निकाल अंतिम. आणि मोजून झालं की मतपत्रिका जाळून टाकायच्या. हे सगळं कायद्यात लिहिलेलं.

सॉफ्टवेअरवाल्या मंडळींच्या अंगावर आत्तापर्यंत काटा आला असेल. कॉपी एकच. स्थानिक मोजणी नाही, म्हणजे ताळा करायला दुसरा आकडाच नाही. डेटा एका माणसाच्या हातून, शेकडो किलोमीटर, चिखलाच्या रस्त्यानं आणि नदीतून. आणि शेवटी लॉग डिलीट! कायद्यानं सांगितलेलं डिलीट.

हा बेत करणारे मूर्ख नव्हते. गावात मोजणी केली तर कोणत्या गावानं कोणाला मत दिलं ते कळेल, आणि मोठा जमीनदार आपल्या भागातल्या लोकांवर सूड उगवेल, ही भीती खरी होती. सगळ्या गावांची मतं एकत्र मिसळली की मतदार सुरक्षित. एका भीतीवर उपाय केला आणि दुसऱ्या बाजूनं दार उघडं राहिलं.

ते दार उघडलं ऑट्सेगो काउंटीत.

ऑट्सेगो म्हणजे तेव्हाची सरहद्द. ऑट्सेगो तलावाच्या काठावर, जिथे सस्क्वेहाना नदी उगम पावते, तिथे विल्यम कूपर नावाच्या माणसानं १७८६ मध्ये एक गाव वसवलं: कूपरस्टाउन. जंगल तोडून तुकडे पाडायचे, हप्त्यावर विकायचे. काउंटी १७९१ मध्ये नवीन झाली आणि कूपर तिथला न्यायाधीश झाला. जमीन विकणारा तोच, उधारी देणारा तोच, न्याय देणारा तोच. (त्याचा मुलगा जेम्स फेनिमोर कूपर पुढे मोठा कादंबरीकार झाला. 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' त्याचंच.)

कूपर जे यांच्या बाजूनं कंबर कसून उतरला. किती कसून? नंतर त्याच्याविरुद्ध शपथपत्रं गोळा झाली की त्यानं लोकांना धमक्या दिल्या, देणेकऱ्यांना दाब दिला. विधिमंडळापर्यंत तक्रार गेली. त्यातून खटला उभा राहिला नाही, पण धूर निघाला तेव्हा खाली काहीतरी जळत असणार, असं माझं मत. म्हणजे ऑट्सेगोची सगळी मतं निर्मळ आणि क्लिंटनवाले तेवढे खलनायक, अशी ही गोष्ट नाही. तरी एक गोष्ट सगळ्यांनाच माहीत होती: ऑट्सेगोची पेटी उघडली तर जे यांना तिथून सुमारे चारशेची आघाडी मिळणार.

आणि इथेच माशी शिंकली.

ऑट्सेगोचा शेरीफ होता रिचर्ड स्मिथ. न्यूयॉर्कच्या घटनेनुसार शेरीफची नेमणूक एका वर्षाची. स्मिथची मुदत संपली १८ फेब्रुवारी १७९२ ला. त्यानं आधीच कळवलं होतं की मला पुन्हा हे पद नको. नेमणुका करणाऱ्या मंडळानं, ज्याचे अध्यक्ष खुद्द गव्हर्नर क्लिंटन, ३० मार्चला नवीन शेरीफ नेमला: बेंजामिन गिल्बर्ट. पण गिल्बर्टनं शपथ घेतली ११ मेला. मधल्या काळात मतदान झालं. गावांकडून मतं आली ती स्मिथकडे, कारण शेरीफचं काम करत होता तोच. मे महिन्याच्या सुरुवातीला त्यानं पेटी भरली, शेरीफ म्हणून सही केली आणि आपल्या नेमलेल्या माणसाच्या हाती न्यूयॉर्कला पाठवून दिली. चेरी व्हॅली नावाच्या एका गावाची मतं वेगळ्या कागदात गुंडाळून पाठवली. भरीस भर म्हणून स्मिथ एव्हाना गावचा सुपरवायझरही निवडून आला होता, आणि शेरीफला दुसरं पद धरता येत नाही असं घटनेत होतं.

आता सांगा, १८ फेब्रुवारीपासून ११ मेपर्यंत ऑट्सेगोचा शेरीफ कोण?

स्मिथ म्हणाल तर मुदत संपलेली. गिल्बर्ट म्हणाल तर शपथ नाही. कोणीच नाही म्हणाल, तर जवळपास तीन महिने एका काउंटीत मतं गोळा करायचा अधिकारच कोणाला नव्हता. मग मतदारांनी काय करायचं होतं? पेटी डोक्यावर घेऊन स्वतः चालत जायचं?

आणखी दोन काउंट्यांच्या पेट्यांवर आक्षेप आले. तियोगा काउंटीच्या शेरीफनं पेटी एका खास नेमलेल्या माणसाकडे दिली. तो वाटेत आजारी पडला, त्यानं ती आपल्या कारकुनाच्या हाती पुढे पाठवली. प्रतिनिधीचा प्रतिनिधी. अगदी उत्तरेकडच्या क्लिंटन काउंटीची पेटी (हो, गव्हर्नरच्याच नावाची काउंटी) ज्यानं आणली त्याला शेरीफनं तोंडी सांगितलं होतं, लेखी अधिकारपत्र दिलं नव्हतं. या दोन्ही काउंट्या लहान आणि नव्या, मतं थोडी. सगळ्यांचे डोळे ऑट्सेगोवर.

समितीत क्लिंटनच्या गटाचं बहुमत होतं. बाकी सगळ्या काउंट्या मोजून झाल्यावर चित्र असं: क्लिंटन ८४४०, जे ८३३२. फरक १०८. आणि टेबलाच्या कडेला तीन न उघडलेल्या पेट्या.

समितीला घाम फुटला असणार. त्यांनी ठरवलं की न्यूयॉर्कचे अमेरिकन सिनेटमधले दोन सिनेटर कायद्याचे जाणकार आहेत, त्यांना विचारू. एक रूफस किंग, जे यांच्या गटातले. दुसरे ॲरन बर. 'हॅमिल्टन' म्युझिकल पाहिलेल्यांचे कान टवकारले असतील. हो, तोच बर, ज्यानं पुढे १८०४ मध्ये द्वंद्वात हॅमिल्टनला गोळी घातली.

दोघं भेटले, बोलले, जमलं नाही. बरनं सुचवलं की मतच एक होत नाही तर दोघांनीही सल्ला द्यायला नकार देऊ. किंग तयार नव्हते. शेवटी दोघांनी वेगवेगळी मतं दिली.

किंग यांचं म्हणणं थोडक्यात असं: नवा माणूस शपथ घेईपर्यंत जुना शेरीफच कारभार बघतो. नाहीतर दर बदलीच्या वेळी काउंटी वाऱ्यावर पडेल. मतदारांचा हक्क मोठा, कागदपत्रांची चूक लहान. ऑट्सेगोची मतं मोजा. बर यांचं म्हणणं उलट: इंग्लंडातल्या प्रथेचे दाखले इथे चालणार नाहीत. आपल्या घटनेनं शेरीफला वर्षाची मुदत घालून दिली आहे, ती संपली की तो शेरीफ नाही. आणि शेरीफ नसलेल्या माणसानं पाठवलेली पेटी ही मतपेटीच नाही.

मी दोन्ही बाजू वाचल्या आणि खरं सांगतो, बर यांचा युक्तिवाद पोकळ नाही. नियम लिहिला आहे तसा वाचायचा, हे आम्ही कॉम्प्युटरवाले तर रोजच करतो. कंपायलर म्हणत नाही, "जाऊ दे, तुला काय म्हणायचं होतं ते कळलं." पण तिथे बसलेले कंपायलर नव्हते, माणसं होती. पेटीत काय असणार याचा अंदाज त्यांना होता, आणि अंदाज आल्यावर नियम वाचायला बसले होते. मला खटकतं ते इथे. निकाल माहीत नसताना हाच नियम त्यांनी असाच वाचला असता का?

१२ जून १७९२. समितीनं बहुमतानं, सात विरुद्ध चार, ठरवलं: तिन्ही काउंट्यांची मतं बाद. जॉर्ज क्लिंटन निवडून आले. अल्पमतातल्या चौघांनी लेखी निषेध नोंदवला. आणि मग मतपत्रिका, त्या न मोजलेल्या पेट्यांमधल्यासुद्धा, जाळून टाकल्या.

म्हणजे आज आपण "सुमारे चारशेची आघाडी" म्हणतो तो अंदाजच. खरा आकडा कोणालाच कधी कळला नाही आणि आता कळणारही नाही. ऑट्सेगोतल्या शंभर पौंडांच्या कोण्या शेतकऱ्यानं गावी जाऊन कागद टाकला, त्याची काही चूक नव्हती, त्याला शेरीफची मुदत कधी संपते हे ठाऊक असायचं कारणही नव्हतं, आणि त्याच्या कागदाची राख झाली.

न्यूयॉर्क पेटलं. सभा, ठराव, शिव्या, वर्तमानपत्रांत पानंच्या पानं. क्लिंटनना गव्हर्नर मानणार नाही असं लोक उघड म्हणू लागले. काहींनी मागणी केली की राज्याचं खास अधिवेशन बोलवा आणि हा निकाल फिरवा. हाणामारीच्या गोष्टी झाल्या. लक्षात घ्या, क्रांतीला सोळा वर्षं झालेली. अन्याय झाला की बंदूक काढायची, ही आठवण ताजी होती.

तिकडे जे दौऱ्यावर होते, न्यू इंग्लंडमध्ये खटले ऐकत. निकालाची बातमी त्यांना वाटेत कळली. पत्नी सॅरा न्यूयॉर्कमधून पत्रांनी सगळं कळवत होत्या, आणि त्या चिडलेल्या होत्या. १८ जूनला जे यांनी त्यांना उत्तर लिहिलं. त्याचा आशय असा: आणखी थोड्या वर्षांत आपण सगळे मातीत असू, आणि तेव्हा राज्यावर सत्ता गाजवली की नाही यापेक्षा स्वतःवर ताबा ठेवला की नाही हे माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं असेल.

बायकोला खासगी पत्रात लिहिलंय हे. भाषण नव्हे. म्हणून मला ते खरं वाटतं. नाहीतर असं वाक्य मंचावरून कोणीही टाकतो.

जुलैमध्ये ते परत निघाले तेव्हा वाटेत गावोगाव मिरवणुका, तोफांची सलामी, मानपत्रं. ऑल्बनीतून पुढे न्यूयॉर्कपर्यंत जणू जिंकलेल्या माणसाचं स्वागत. एक इशारा केला असता तर काहीही झालं असतं. जे यांनी उत्तरांमध्ये मतदारांचा हक्क डावलला गेला हे सांगितलं, पण शांत राहा, कायद्याच्या वाटेनं जा, असंच म्हणत राहिले. हॅमिल्टन, जो एरवी भांडणाला कायम पुढे, त्यानंही किंग यांना लिहून कळवलं की अधिवेशन बोलवून निकाल उलटवायच्या बेताला आपला पाठिंबा नाही.

आणि दुसऱ्या बाजूचं काय? थॉमस जेफरसन. क्लिंटन हे त्यांच्या गटाचे, जे विरोधी गटाचे. तरी जूनमध्येच जेफरसननी मॅडिसनना खासगी पत्रात लिहिलं की क्लिंटननी हे पद नाकारलं नाही तर त्यांना न्यायी माणूस म्हणणं अवघड आहे, आणि नाकारण्याचं चिन्ह दिसत नाही. जाहीरपणे मात्र एक अक्षर नाही. राजकारणातलं खासगी पत्र आणि जाहीर मौन यांच्यातलं अंतर तेव्हाही एवढंच होतं.

क्लिंटननी पद नाकारलं नाही. विधिमंडळात चौकशी झाली, साक्षी झाल्या, आणि १७९३ च्या सुरुवातीला असेंब्लीनं बहुमतानं ठराव केला की समितीतल्या बहुसंख्यांनी काही गैर केलेलं नाही. फाइल बंद.

तीन वर्षांनी, १७९५ मध्ये, क्लिंटननी तब्येतीचं कारण देऊन उभं राहायचं नाही असं जाहीर केलं. जे यांच्या गटानं पुन्हा जे यांचं नाव दिलं. आणि जे तेव्हा कुठे? लंडनमध्ये, इंग्लंडशी तह करायला गेलेले. निवडणूक झाली, ते इथे नव्हतेच. मे अखेरीस जहाजातून उतरले तेव्हा मतदान उरकलेलं. या वेळी रॉबर्ट येट्स यांच्याविरुद्ध जवळपास १६०० मतांनी विजय, वादाला जागाच नाही. नशीब बघा, तहाच्या अटी जाहीर झाल्या त्या निवडणुकीनंतर. त्या वाचून लोक इतके संतापले की गावोगाव जे यांचे पुतळे जाळले गेले. अटी दोन महिने आधी फुटल्या असत्या तर हीही निवडणूक गेली असती, असं मला तरी वाटतं.

गव्हर्नर म्हणून ते सहा वर्षं राहिले. त्याच काळात, १७९९ मध्ये, न्यूयॉर्कनं गुलामगिरी टप्प्याटप्प्यानं संपवण्याचा कायदा केला. त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल कायद्यानं स्वतंत्र, पण मुलग्यानं २८ वर्षांचा आणि मुलीनं २५ वर्षांची होईपर्यंत मालकाकडे राबायचं. अर्धवट कायदा, पण पहिला. सही जॉन जे यांची. १७९२ मध्ये ते जिंकले असते तर हा कायदा आधी झाला असता का? सांगता येत नाही. गव्हर्नर कायदा करत नाही, विधिमंडळ करतं, आणि तिथे वर्षानुवर्षं घोडं अडलं होतं.

एक शेवटचा किस्सा सांगतो आणि थांबतो.

साल १८००. जे गव्हर्नर आहेत. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक तोंडावर आलेली, जेफरसन जिंकतील अशी चिन्हं. न्यूयॉर्कची मतं कोणाला जाणार हे राज्याचं विधिमंडळ ठरवणार. आणि नव्या विधिमंडळासाठीची निवडणूक एप्रिलमध्ये जेफरसनच्या गटानं जिंकली. न्यूयॉर्क शहरातल्या त्या विजयामागे डोकं कोणाचं? ॲरन बर यांचं. पण नवं विधिमंडळ अजून बसलं नव्हतं. जुन्याची मुदत थोडी शिल्लक होती, आणि त्यात बहुमत जे यांच्या गटाचं.

म्हणजे पुन्हा तेच. जुन्याची मुदत, नव्याची सुरुवात, आणि मधली फट. फक्त या वेळी फटीचा फायदा जे यांच्या गटाला होणार होता.

हॅमिल्टननं मे महिन्यात जे यांना पत्र लिहिलं: जुनं विधिमंडळ ताबडतोब बोलवा, मतदानाची पद्धत बदलून घ्या, जेफरसनना अडवा. अशा प्रसंगी फार काटेकोर राहून चालत नाही, असा सूर. कायद्यानं ते शक्यही होतं. मुदत संपलेली नव्हती ना!

जे यांनी अधिवेशन बोलवलं नाही. ते पत्र त्यांनी फाडलं नाही की जाळलं नाही. त्याच्या मागे एक शेरा लिहिला, की यात पक्षाच्या फायद्यासाठी एक गोष्ट सुचवली आहे आणि ती करणं मला शोभणार नाही. आणि पत्र आपल्या कागदांमध्ये ठेवून दिलं. ते कागद टिकले, म्हणून आज आपण ते वाचू शकतो.

चला, पुढच्या भागात भेटू. आणि हो, बदली होत असेल तर आधी लॉगिन सोपवून जा.